पुन्हा पुन्हा उलटणारा जुलाब आणि आतड्यातील जिवाणूंची मोडलेली घडी : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील बाई ६७ वर्षांच्या होत्या. ओळख पटू शकेल असा तपशील येथे वगळला आहे. त्यांना बऱ्याच वर्षांपासून आमवात होता आणि आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेट या प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधाच्या कमी मात्रेवर तो आटोक्यात होता. आमवाताच्या सुरुवातीच्या काळात त्या वेदनाशामक गोळ्या रोज घेत असत आणि त्या गोळ्यांनी जठराला इजा होऊ नये म्हणून आम्लता कमी करणारी गोळी सोबत सुरू करण्यात आली होती. पुढे वेदनाशामक गोळ्या थांबल्या, पण आम्लतेची गोळी चालूच राहिली, कारण ती आता कशासाठी चालू आहे हे कोणी विचारलेच नाही. लहानपणी पेनिसिलिननंतर अंगावर पुरळ उठल्याचे घरचे सांगत आले होते आणि त्यामुळे त्यांच्या प्रत्येक केसपेपरवर ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ असा शेरा लाल शाईने मारलेला असे.

दाढेच्या मुळाशी पू झाला तेव्हा दाढ काढण्यात आली आणि या शेऱ्यामुळे पेनिसिलिन टाळून आठवडाभर क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक देण्यात आले. ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जिवाणूंवर हे औषध चांगले चालते, म्हणून दातांच्या संसर्गात ते वापरले जाते. अडचण अशी की मोठ्या आतड्यातील बहुसंख्य उपकारक जिवाणूही याच प्रकारचे असतात.

समस्या

क्लिंडामायसिनचा कोर्स संपल्यानंतर आठवड्याच्या आतच बाईंना पातळ शौचास होऊ लागले. दिवसातून आठ-दहा वेळा जावे लागत होते, पोटात कळा येत होत्या आणि अंगात बारीक ताप होता. रक्तातील पांढऱ्या पेशी १३,००० पर्यंत वाढल्या होत्या, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन किंचित चढले होते. शौचाच्या तपासणीत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूचे विषद्रव्य आढळले. (पुढे या जिवाणूला थोडक्यात डिफिसिल म्हटले आहे.) व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक १२५ मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, दहा दिवस तोंडावाटे देण्यात आले आणि शरीरातील पाणी कमी झाले असताना मेथोट्रेक्सेट साठून राहू नये म्हणून ते तात्पुरते थांबवण्यात आले. चौथ्या दिवसापासून जुलाब ओसरले.

औषध संपल्यावर दोन आठवड्यांनी आजार उलटला. अशा वेळी फिडॅक्सोमायसिन या प्रतिजैविकाचा विचार प्रथम व्हायला हवा होता, कारण त्याचा मारा अधिक नेमका असतो आणि इतर जिवाणूंची हानी कमी होते. पण ते त्या वेळी मिळू शकले नाही. म्हणून व्हँकोमायसिनचीच मात्रा काही आठवडे टप्प्याटप्प्याने कमी करत न्यायची, असे ठरले. हा निर्णय योग्यच होता आणि तो लागूही पडत होता. मात्रा दिवसाआड एकदा इतकी खाली आली होती, शौच बांधून होत होते.

आणि मग तिसऱ्यांदा जुलाब सुरू झाले. या वेळचे कारण मुलीने ठेवलेल्या वहीतून उघड झाले. ती रोज किती वेळा शौचास झाले, पातळ की घट्ट, ताप किती, कोणती गोळी किती वाजता दिली, हे तारखेनिशी लिहीत असे. त्या वहीत एका पानावर ‘लघवीसाठी नवीन गोळी, सकाळ-संध्याकाळ’ अशी नोंद होती. आमवाताच्या नेहमीच्या तपासणीत लघवीचे कल्चर पाठवले गेले होते आणि त्यात जिवाणू वाढल्याचे दिसल्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचा कोर्स लिहून देण्यात आला होता. बाईंना लघवीची जळजळ नव्हती, ताप नव्हता, कोणतीच तक्रार नव्हती. उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, लक्षणांविना लघवीत जिवाणू सापडणे अतिशय सामान्य आहे आणि काही ठरावीक परिस्थिती सोडल्या तर त्यावर उपचार करू नयेत, असा सर्वमान्य संकेत आहे. प्रयोगशाळेचा अहवाल हातात आला की त्यातील ठळक अक्षरांवर औषध लिहिण्याचा मोह होतो, आणि अशा रुग्णात तो मोह फार महागात पडतो.

आतड्यात नेमके काय बिघडले होते

या टप्प्यावर कुटुंबाचा प्रश्न एकच होता : ‘हिची प्रतिकारशक्तीच कमी झाली आहे, ती वाढवायला काही देता येईल का?’ प्रश्न स्वाभाविक असला तरी त्याची मांडणी चुकीच्या दिशेने नेणारी होती. आमवात हा रोगप्रतिकार यंत्रणेने स्वतःच्याच सांध्यांवर केलेला हल्ला असतो. म्हणजे या बाईंची यंत्रणा एका ठिकाणी गरजेपेक्षा जास्त आक्रमक होती, तर आतड्यात तिला मिळणारा आधार ढासळला होता. सरसकट ‘वाढवणे’ हे उत्तर या दोन्हींपैकी कशालाच लागू पडत नव्हते.

माणसाच्या शरीरातील जिवाणूंची संख्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार सुमारे ३८ लाख कोटी आहे. शरीराच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी, म्हणजे दोन्ही आकडे जवळपास बरोबरीचे. हे जिवाणू बहुतांशी मोठ्या आतड्यात राहतात आणि त्यांचे एकूण वजन जेमतेम २०० ग्रॅम भरते. बाहेरून येणाऱ्या रोगजंतूला ते पाय रोवू देत नाहीत, हे बऱ्याच आधी दिसून आले होते. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना स्ट्रेप्टोमायसिन दिल्यानंतर साल्मोनेलाचा संसर्ग घडवायला लागणाऱ्या जिवाणूंची संख्या सुमारे एक लाखावरून दहाच्याही खाली आली. उंदीर तेच होते, रोगजंतू तोच होता. आतड्यातले रहिवासी तेवढे हटवले गेले होते.

डिफिसिलच्या बाबतीत हा अडसर कसा काम करतो, हे आता बरेचसे उलगडले आहे. यकृतातून येणारी प्राथमिक पित्ताम्ले डिफिसिलच्या बीजाणूंना (त्याच्या सुप्त, टणक रूपांना) अंकुरण्याचा इशारा देतात. मोठ्या आतड्यातील क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्ससारखे मोजके जिवाणू या आम्लांचे रूपांतर दुय्यम पित्ताम्लांत करतात आणि ही दुय्यम आम्ले डिफिसिलची वाढ रोखतात. हे मोजके जिवाणू मेले की बीजाणूंना जागे करणारी आम्ले उरतात आणि वाढ रोखणारी नाहीशी होतात. शिवाय एरवी इतर जिवाणूंनी फस्त केलेली साखर आणि अमिनो आम्ले डिफिसिलला आयती मिळतात.

रोगप्रतिकार यंत्रणेशी संबंध येथून पुढे सुरू होतो. तंतुमय पदार्थ आंबवून अनेक उपकारक जिवाणू ब्युटिरेट हे लघुशृंखल मेदाम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे ते मुख्य इंधन आहे. ते जाळताना या पेशी ऑक्सिजन वापरून टाकतात, त्यामुळे आतड्याची पोकळी ऑक्सिजनविरहित राहते आणि उपकारक जिवाणूंना हवी तशीच राहते. उंदरांवरील २०१३ च्या प्रयोगांत असेही दिसले की ब्युटिरेटमुळे आतड्यात नियामक टी पेशींची संख्या वाढते. या पेशी दाहाला लगाम घालतात. जिवाणूविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यातील लसिकापुंज (रोगप्रतिकारक पेशींचे समूह) खुरटे राहतात आणि त्यांच्यात आयजीए हे प्रतिपिंड (रोगजंतूंना अडवणारे प्रथिन) फारच कमी बनते. जिवाणू दिले की ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. थोडक्यात, या यंत्रणेला कोणावर तुटून पडायचे आणि कोणाला खपवून घ्यायचे हे शिकवण्याचे बरेचसे काम आतड्यातील जिवाणूच करतात.

यात एक दुवा थेट या बाईंना लागू होता. डिफिसिलच्या विषद्रव्यांविरुद्ध ज्यांच्या शरीरात पुरेसे प्रतिपिंड तयार होत नाहीत, त्यांच्यात आजार उलटण्याची शक्यता अधिक असते. वय आणि मेथोट्रेक्सेट या दोन्हींमुळे प्रतिपिंडांचा हा प्रतिसाद मंदावलेला असणे शक्य होते. तरुण, धडधाकट माणूस जिवाणूंची घडी पुन्हा बसेपर्यंतचे काही आठवडे प्रतिपिंडांच्या बळावर काढू शकतो. येथे तो आधारही कमकुवत होता. त्यात व्हँकोमायसिन डिफिसिलला मारताना परतू पाहणाऱ्या उपकारक जिवाणूंनाही मारत होते, आणि बीजाणूंवर मात्र त्याचा काहीच परिणाम होत नव्हता. दर वेळी औषध थांबताच रिकाम्या आतड्यात सर्वांत आधी उगवून येत होते ते हे बीजाणूच.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय पुन्हा प्रतिजैविकाचाच होता : लांब पल्ल्याचे व्हँकोमायसिन, किंवा मिळाल्यास फिडॅक्सोमायसिन. जुलाब थांबवण्यासाठी ते लागणारच होते, याबद्दल दुमत नव्हते. पण एकदा उलटलेला आजार पुन्हा उलटण्याची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा बरीच जास्त असते आणि केवळ प्रतिजैविकावर विसंबणे म्हणजे तेच चक्र फिरवत राहणे होते. विषद्रव्याविरुद्धचे तयार प्रतिपिंड, बेझ्लोटोक्सुमॅब, तर्काने या रुग्णाला अगदी योग्य ठरले असते. पण निर्मात्या कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये ते बंद केल्याने तो मार्ग उरला नव्हता.

प्रोबायोटिक, म्हणजे उपकारक जिवाणूंच्या कॅप्सूल, हा कुटुंबाचा आग्रहाचा पर्याय होता आणि त्यावर सर्वाधिक वेळ चर्चा झाली. त्यातील लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम उपयुक्त असतात, हे खरे. पण पित्ताम्लांचे ते विशिष्ट रूपांतर त्यांच्याकडून होत नाही आणि आतड्यातून नाहीशा झालेल्या शेकडो जातींची जागा चार-आठ जाती भरून काढू शकत नाहीत. २०१८ च्या एका अभ्यासात तर प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्या निरोगी लोकांत मूळचे जिवाणू परतायला काहीही न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डिफिसिलच्या उपचारासाठी प्रोबायोटिक चिकित्सालयीन चाचणीबाहेर वापरू नयेत. सॅक्रोमायसिस बुलार्डी या यीस्टचा विचार झाला, पण प्रतिकार दडपणारे औषध घेणाऱ्या रुग्णात यीस्ट रक्तात शिरण्याचा धोका, लहान असला तरी, घेण्याजोगा वाटला नाही. बाजारातील डब्यांवरच्या दाव्यांपुढे हे सारे नीरस वाटते, आणि कुटुंबाला ते पटायला दोन भेटी लागल्या.

शेवटचा पर्याय विष्ठा-प्रत्यारोपणाचा होता, म्हणजे निरोगी दात्याच्या विष्ठेतील संपूर्ण जिवाणू-समुदाय रुग्णाच्या आतड्यात सोडणे. हा उपचार अलीकडचा नाही. १९५८ मध्ये डेन्व्हरमधील शल्यचिकित्सक बेन आयझमन आणि सहकाऱ्यांनी आतड्याच्या गंभीर दाहाच्या चार रुग्णांवर तो केल्याची नोंद आहे. भक्कम पुरावा मात्र २०१३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधील चाचणीतून मिळाला. तेथे १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच प्रत्यारोपणानंतर बरे झाले, तर केवळ व्हँकोमायसिन घेणाऱ्या १३ पैकी ४ जण बरे झाले. फरक इतका ठळक होता की चाचणी मध्येच थांबवण्यात आली. प्रक्रिया केलेले जिवाणू-बीजाणू कॅप्सूलमधून देण्याच्या औषधाला अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये मान्यता मिळाली आहे, परंतु ते उपचार करणाऱ्या पथकाला उपलब्ध नव्हते.

काळजीचे कारण दुसरीकडे होते. जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक इशारा प्रसिद्ध केला होता : प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या दोन रुग्णांना एकाच दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणाऱ्या ई. कोलाय जिवाणूचा संसर्ग झाला आणि त्यातील एकाचा मृत्यू झाला. दात्याची त्या जिवाणूसाठी तपासणी झालेली नव्हती. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णाबाबत हा इशारा नजरेआड करणे शक्य नव्हते. तथापि आठवड्यातून एकदा घेतलेल्या कमी मात्रेने प्रतिकारशक्ती सौम्य ते मध्यम प्रमाणातच दबते आणि अशा रुग्णांत प्रत्यारोपण करता येते, या निष्कर्षावर पथक आले. तीव्र प्रमाणात दबलेल्या रुग्णाबाबत निर्णय उलट झाला असता.

केलेली कृती

मुलीने स्वतःची विष्ठा देण्याची तयारी दाखवली. घरचाच दाता असावा ही भावना समजण्यासारखी होती. परंतु तिने दीड महिन्यापूर्वी घशाच्या संसर्गासाठी प्रतिजैविक घेतले होते आणि अलीकडे प्रतिजैविक घेतलेली व्यक्ती दाता म्हणून चालत नाही. शिवाय आईची शुश्रूषा करताना बीजाणू तिच्याही आतड्यात गेले असण्याची शक्यता होती. त्यामुळे रक्त आणि विष्ठेच्या सर्व तपासण्या, औषधरोधक जिवाणूंच्या तपासणीसह, पूर्ण झालेल्या अपरिचित दात्याचा गोठवलेला नमुना विष्ठापेढीतून घेण्यात आला.

आधी व्हँकोमायसिन देऊन जुलाब थांबवण्यात आले. प्रत्यारोपणाच्या दोन दिवस आधी ते बंद केले, कारण आतड्यात ते शिल्लक राहिले असते तर दात्याचे जिवाणूही मेले असते. आतडे स्वच्छ करून कोलोनोस्कोपीद्वारे नमुना मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात सोडण्यात आला. त्याच भेटीत आम्लतेच्या गोळीचा हिशेबही लावला गेला. वेदनाशामक बंद होऊन वर्षे लोटली होती, जठरव्रणाचा इतिहास नव्हता. या गोळ्यांचा डिफिसिलच्या संसर्गाशी संबंध अनेक निरीक्षणांत आढळला आहे. तो कारणाचाच आहे असे ठामपणे म्हणता येत नाही, पण गरज नसलेली गोळी चालू ठेवण्याला काहीच आधार नव्हता. एकदम थांबवल्यास आम्लपित्त उसळते म्हणून ती हळूहळू बंद केली.

घरी बीजाणूंचा बंदोबस्त करणेही गरजेचे होते. अल्कोहोलच्या सॅनिटायझरने ते मरत नाहीत. साबण आणि वाहत्या पाण्याने हात धुणे आणि शौचालय क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसणे, इतकेच उपयोगी पडते. मुलगी त्याआधी आईला हात लावण्यापूर्वी आणि नंतर नेमाने सॅनिटायझर वापरत होती.

परिणाम

जुलाब परतले नाहीत. भूक सुधारली आणि पंधरवड्यात वजन घटणे थांबले. पाचव्या आठवड्यात मात्र सगळ्यांचा जीव पुन्हा टांगणीला लागला. जेवणानंतर पोटात कळ येऊन दिवसातून तीनदा सैल शौचास होऊ लागले. एका प्रयोगशाळेत परस्पर केलेली जनुकीय चाचणी डिफिसिलसाठी सकारात्मक आली आणि व्हँकोमायसिन ताबडतोब सुरू करावे, असे कुटुंबाला वाटू लागले.

या प्रकरणातील सर्वांत अवघड निर्णय कदाचित हाच होता. जनुकीय चाचणी जिवाणू असल्याचे सांगते, तो विष बनवत असल्याचे नाही. बरे झालेल्या रुग्णातही ती बराच काळ सकारात्मक राहू शकते. हा जिवाणू १९३५ मध्ये प्रथम वर्णिला गेला तो निरोगी नवजात बालकांच्या विष्ठेतून, हे येथे आठवण्यासारखे आहे. विषद्रव्याची चाचणी केली, ती नकारात्मक आली. ताप नव्हता, पांढऱ्या पेशी सामान्य होत्या, रात्री शौचासाठी उठावे लागत नव्हते. संसर्गानंतर काही रुग्णांत राहणारी आतड्याची हळवी अवस्था, असे निदान करून प्रतिजैविक न देता केवळ लक्ष ठेवण्यात आले. तीन आठवड्यांत त्रास निवळला. त्या वेळी व्हँकोमायसिन दिले असते तर नुकतीच रुजलेली वसाहत पुन्हा उखडली गेली असती. आठ आठवड्यांचा टप्पा, ज्यावर या उपचाराचे यश सहसा मोजले जाते, विनातक्रार पार पडला.

मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू झाले आणि मधल्या काळात सुजलेले सांधे उतरले. नव्या जिवाणूंमुळे आमवातही सुधारला, असे कुटुंबाने मानले. नव्याने आमवात झालेल्या, उपचार न घेतलेल्या रुग्णांच्या आतड्यात प्रेव्होटेला कोप्री या जिवाणूचे प्रमाण जास्त आढळल्याचे २०१३ मध्ये नोंदले गेले आहे, त्यामुळे हा विचार अगदीच निराधार नव्हे. परंतु थांबलेले औषध परत सुरू झाल्यावर सूज उतरली, याला दुसरे स्पष्टीकरण लागत नाही, आणि पथकाने नोंदीत तेवढेच लिहिले.

वेगळे काय करता आले असते

क्लिंडामायसिन टाळता आले असते का, हा पहिला प्रश्न. पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीचा शेरा असलेल्यांची रीतसर तपासणी केली तर दहापैकी नऊ जणांना ते औषध सहन होते, असा अनुभव आहे. बालपणीच्या पुरळाची ऐकीव माहिती साठ वर्षे केसपेपरांवरून केसपेपरांवर उतरत गेली आणि प्रत्येक वेळी अधिक व्यापक औषध देण्याचे कारण ठरली. दाढ काढून पू निचरल्यानंतर आठवडाभराचे प्रतिजैविक खरोखर लागले असते का, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे.

दुसऱ्या वळणावर चूक औषधापेक्षा माहितीच्या वाटेत होती. लघवीचे कल्चर ज्यांनी पाहिले त्यांना व्हँकोमायसिनची उतरती मात्रा चालू असल्याचे ठाऊक नव्हते आणि जुलाबावर उपचार करणाऱ्यांना सिप्रोफ्लॉक्सासिनचा पत्ता नव्हता. मुलीची वही दोघांनी वाचली असती तर आजार दुसऱ्यांदा कदाचित उलटलाही नसता. प्रत्यारोपणाचा विचार पहिल्यांदा आजार उलटला तेव्हाच करायला हवा होता का, यावर पथकात एकमत झाले नाही. तेव्हा टप्प्याटप्प्याचे व्हँकोमायसिन यशस्वी होत होते, हे विसरता येत नाही.

पुढे अ‍ॅलर्जीची तपासणी झाली, ती नकारात्मक आली आणि लाल शेरा पुसला गेला. आठ महिन्यांनी पायाच्या त्वचेला संसर्ग झाल्यावर बाईंना पेनिसिलिन गटातील औषध पाच दिवस देता आले. त्या पाच दिवसांत प्रतिबंध म्हणून व्हँकोमायसिनची छोटी मात्रा सोबत द्यावी का, यावर बराच खल झाला. देण्याच्या बाजूने दोनदा उलटलेल्या आजाराचा इतिहास होता, न देण्याच्या बाजूने नव्या वसाहतीला होऊ शकणारी इजा. अखेर ती न देता दोन महिने देखरेख ठेवायची आणि जुलाब झाल्यास त्याच दिवशी विषद्रव्याची चाचणी करायची, असे ठरले. ती चाचणी करण्याची वेळ आली नाही.